एका लँडिंगचे किती पैसे?

गेल्या दिवाळीत कराडकडचे एक गृहस्थ घरी आले. मुलीची बारावी झालेली, तिला वैमानिक व्हायचंय. खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला कागद काढला. एका फ्लाइंग स्कूलचं कोटेशन होतं, सगळं मिळून अठ्ठेचाळीस लाख. "ताई, एवढ्यात होतंय ना सगळं? का मधेच अजून मागतील?" त्या आकड्यासाठी शेताचा एक तुकडा विकायचा त्यांचा विचार चालला होता. मी घाईनं उत्तर दिलं नाही. चहा टाकला आणि माझी जुनी वही काढली.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी छोटं विमान उडवायला शिकले, नोकरीसाठी नव्हे, हौसेखातर. प्रत्येक सॉर्टीनंतर, म्हणजे सरावाच्या उड्डाणानंतर, मी वहीत तीन गोष्टी लिहायचे: किती वेळ उडाले, काय शिकले, किती पैसे गेले. खासगी परवान्याला, म्हणजे पीपीएलला, नियमानं ४० तास पुरतात. मला ५८ लागले. ते वरचे अठरा तास कुठे गेले, हे वहीत बघितलं की स्पष्ट दिसतं. सात तास लँडिंग जमेना म्हणून गेले. चार तास पावसाळ्यातल्या खंडानंतर हात पुन्हा बसवण्यात गेले. बाकीचे गेले ते मी तयारी न करता विमानात बसले म्हणून. म्हणजे बिल तासांचं येतं, पण तास किती लागणार हे आपल्या हातातलं कसब ठरवतं. हे कसब कसं येतं ते न कळता कोणी कोटेशनवर सही करू नये असं मला मनापासून वाटतं.

खाली दिलेले दर २०२५ च्या सुमाराचे आणि ढोबळ आहेत. शाळेगणिक ते बदलतात. हिशेब समजावा म्हणून एका इंजिनाच्या विमानाचा तासाचा दर मी सगळीकडे १५,००० रुपये धरला आहे.

पैसे भरण्याआधीचे दोन खर्च

सगळ्यात आधी करायचा खर्च काही शे रुपयांचा आहे, आणि तोच लोक करत नाहीत. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन रंगांची तपासणी करून घ्या. ठिपक्यांच्या पानात लपलेला आकडा वाचायचा, ती इशिहारा तपासणी. चष्मा असला तरी अडत नाही, चष्म्यासह नजर नीट हवी. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र व्यावसायिक परवान्याचा रस्ता तिथेच अडू शकतो, आणि लाखो रुपये भरल्यावर ते कळण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर क्लास २ मेडिकल. ते डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडेच होतं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना हवा असेल तर पुढे क्लास १ सुद्धा. दोन्ही मिळून वीस-पंचवीस हजारांच्या आसपास जातात. क्लास १ हातात येईपर्यंत शाळेला नोंदणीपलीकडे एक रुपया देऊ नये. शाळा म्हणेल, "जागा जाईल." जाऊ द्या. जागा पुन्हा मिळते.

दुसरा खर्च लेखी परीक्षांचा. एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक, आणि रेडिओसाठी आरटीआर. डीजीसीएच्या पेपरांत उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. पुण्या-मुंबईत आणि दिल्लीच्या द्वारका भागात यासाठी क्लासेस आहेत, फी साधारण दोन ते चार लाख. घरी अभ्यास करणारी मुलंही आहेत. आर. के. बालींची रेग्युलेशन्स आणि नॅव्हिगेशनची पुस्तकं, आय. सी. जोशींचं हवामानाचं पुस्तक, ऑक्सफर्डची जाडजूड पुस्तकं, हा संच जुन्या विद्यार्थ्यांकडून निम्म्या किमतीत मिळतो. मुद्दा क्लासचा नाही. निदान नॅव्हिगेशन, हवामान आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर फ्लाइंगला जाण्यापूर्वी सुटलेले असावेत. विमानतळाजवळ खोली भाड्यानं घेऊन, मेसचे पैसे भरत, उड्डाण बाजूला ठेवून पेपरांचा अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. तोच अभ्यास घरी आईच्या हातचं जेवून झाला असता.

तासाचा दर वाचायला शिका

डीजीसीएच्या नियमाप्रमाणे सीपीएलला एकूण २०० तास लागतात. त्यांतले १०० तास तुम्ही विमानाचे प्रमुख म्हणून उडवायचे. त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लांबचं उड्डाण, आणि त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून जास्त, वाटेत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून. शिवाय दहा तास फक्त उपकरणांकडे बघून, आणि पाच तास रात्रीचे, त्यात किमान दहा उड्डाणं आणि दहा उतरणी.

दोनशे तासांना १५,००० नं गुणलं तर ३० लाख होतात. मग अठ्ठेचाळीस कुठून आले? काही तास दोन इंजिनांच्या विमानावर होतात आणि तिथे तासाला दुप्पट-अडीचपट लागतात. फक्त उपकरणांवर उडवायची पात्रता, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, सिम्युलेटर आहे, ग्राउंड क्लास, वसतिगृह, परीक्षांची उड्डाणं, गणवेश. कोटेशनमध्ये यातलं काय आत आहे आणि काय बाहेर, हे ओळीओळीनं लिहून घ्या. इंधन दरात धरलंय का? इन्स्ट्रक्टरची फी? दुसऱ्या विमानतळावर उतरलं तर तिथलं लँडिंग शुल्क कोणाचं? इंधन वाढलं तर वाढीव रक्कम कोण देणार? शिकाऊंचं छोटं विमान सेस्ना १७२ तासाला तीस-पस्तीस लिटर अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, पिते. डायमंडची डिझेल जातीची विमानं साधं विमानाचं केरोसीन वापरतात आणि ते पितातही बरंच कमी, म्हणून त्यांच्या दरात इंधनाचा भाग हलका असायला हवा.

जीएसटीचं वेगळं सांगते. काही शाळा पूर्वी फीवर १८ टक्के लावत. डीजीसीएमान्य शाळांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना जीएसटी लागत नाही, असं स्पष्टीकरण जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२४ च्या बैठकीनंतर निघालं आहे. कोटेशनखाली कर दिसला तर कोणत्या भागावर लावलाय ते लेखी विचारा. तीस लाखांवर १८ टक्के म्हणजे पाच लाख चाळीस हजार होतात.

आणि तास मोजायचा कसा? विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं तिथपासून ते परत येऊन थांबेपर्यंतचा सगळा वेळ लॉगबुकात लिहिला जातो आणि बिलातही येतो. धावपट्टीच्या टोकाशी प्रवासी विमानाची वाट पाहत इंजिन चालू ठेवून बसलात तरी मीटर पळतोच. एका सॉर्टीत बारा मिनिटं अशी गेली आणि सगळ्या प्रशिक्षणात दीडशे सॉर्टी झाल्या तर तीस तास होतात. साडेचार लाख रुपये. ते तास दोनशेत मोजले जातात हे खरं, पण त्यांत शिकायला काही मिळत नाही. बारामती, शिरपूर, धुळे, गोंदिया अशा मोकळ्या धावपट्ट्यांचा हा मोठा फायदा. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षण आज धुळ्याला चालतं. मुंबईच्या आकाशात विद्यार्थ्यांना गिरक्या घ्यायला जागाच उरली नाही.

सर्किट: पैसे इथेच जिरतात

आता कसबाकडे येते.

सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीचा आयत. उड्डाण करायचं, हजार फुटांवर जायचं, धावपट्टीला समांतर उलट्या दिशेनं यायचं, दोनदा वळायचं आणि उतरायचं. एका फेरीला सहा-सात मिनिटं लागतात. टॅक्सी आणि थांबणं धरून तासाला आठ फेऱ्या झाल्या तर चांगलं. पंधरा हजार भागिले आठ, म्हणजे एका लँडिंगचे १,८७५ रुपये. माझं लँडिंग बिघडलं की हा आकडा मला आठवायचा आणि पुढचं आणखी बिघडायचं. विमानात असताना पैशाचा विचार करू नये. तो जमिनीवर, आदल्या रात्री करावा.

लँडिंग बिघडतं ते बहुतेक वेळा खाली नव्हे, वर बिघडतं. शेवटच्या सरळ टप्प्यात, फायनलवर, वेग आणि उतार स्थिर नसेल तर खाली येऊन हातचलाखी करून ते सावरता येत नाही. सेस्ना १७२ मध्ये पंखांमागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप्स, पूर्ण उघडून साधारण ६५ नॉट वेग धरायचा. नाक किती वर-खाली आहे त्यावर वेग ठेवायचा, इंजिनच्या शक्तीवर उतार सांभाळायचा. मी सुरुवातीला ७५ नी यायचे, "थोडा जास्त वेग बरा" या भीतीपोटी. मग विमान धावपट्टीवर बसायलाच तयार नसायचं. ते तरंगत राहायचं, मी दांडा पुढे ढकलायचे, पुढचं चाक आपटायचं, विमान चेंडूसारखं उसळायचं. हे उसळणं महाग पडू शकतं. पुढचं चाक मोडून पंखा जमिनीला घासला तर इंजिन उघडून तपासावं लागतं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा: विम्याची वजावट कोणी भरायची, शाळेनं की विद्यार्थ्यानं? लेखी उत्तर घ्या.

मला लँडिंग जमलं ते एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरच्या एका वाक्यानं. ते म्हणाले, "बेटा, चाकाखाली बघू नकोस, धावपट्टीचं पलीकडचं टोक बघ." जवळ बघितलं की जमीन अंगावर धावून येते आणि आपण घाबरून दांडा ओढतो. नजर लांब गेली की विमान किती वर आहे ते डोळ्यांच्या कडेला आपोआप कळतं. मग शक्ती बंद करायची, नाक हळूहळू उचलत राहायचं आणि विमानाला बसू द्यायचं नाही. ते स्वतःहून थकून बसतं. आधी मागची दोन चाकं, मग पुढचं. त्या दिवशी सहा लँडिंग केली. त्यांतली चार बरी झाली.

हे कसब जमिनीवर निम्मं शिकता येतं, जवळजवळ फुकटात. कॉकपिटचं मोठं छायाचित्र भिंतीवर लावायचं, समोर खुर्ची टाकायची, हातात पट्टी दांडा म्हणून धरायची आणि पूर्ण सर्किट तोंडानं बोलत उडवायचं. "पाचशे फूट, डावीकडे नजर, वळण. हजार, नाक खाली, शक्ती कमी, ट्रिम." रोज दहा फेऱ्या. मी हे करायला लागले ते तिसाव्या तासानंतर. पहिल्या तासाआधी करायला हवं होतं.

ट्रिमबद्दलही सांगते, कारण नवशिके ते विसरतात. ट्रिमचं चाक म्हणजे विमानाला "आता असंच राहा" सांगणं. ते नीट लावलं नाही तर पूर्ण सॉर्टी दांड्याशी कुस्ती होते, आणि कुस्ती करणाऱ्याला बाहेर बघायला, रेडिओ ऐकायला वेळ उरत नाही. आधी नाकाची स्थिती, मग शक्ती, मग ट्रिम. हा क्रम हाडात मुरला की शिकण्याचा वेग बदलतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पहिली एकट्याची भरारी, सोलो, कोणाला पंधरा तासांत मिळते, कोणाला पंचवीस. पीपीएलवाल्याला ते दहा तास थेट जादा पडतात, दीड लाख रुपये. सीपीएलवाल्याचं तसं नाही. त्याला दोनशे तास उडायचेच आहेत आणि त्यांतले शंभर एकट्याच्या जबाबदारीवर. म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतच्या तासांना शंभरची जागा आहे. सोलो उशिरा झाली म्हणून बिल लगेच वाढत नाही. रात्रीचं आणि उपकरणांवरचं उड्डाण शिकायला राखलेले तास मात्र सर्किटमध्ये संपतात, आणि शेवटी परीक्षेत नापास झालं की जादा तास तिथे निघतात. म्हणून मुलाची सोलो मित्रापेक्षा पाच तास उशिरा झाली तर आई-बापांनी घाबरू नये. चाळीस तास होऊनही सोलो नसेल तर मात्र मुख्य इन्स्ट्रक्टरला जाऊन भेटावं.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत

स्टॉल. पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि विमान खाली जायला लागतं. लोकांना वाटतं वेग कमी झाला की स्टॉल होतो. खरं कारण म्हणजे पंख हवेला फार मोठ्या कोनात सामोरा जातो. त्यामुळे वेगात असतानाही, तीव्र वळणात दांडा जोरात ओढला तर स्टॉल होऊ शकतो. उपाय म्हणजे दांडा पुढे, कोन कमी, मग शक्ती, आणि एक पंख खचला तर तो उचलायला पायातलं रडर वापरायचं, पंखांच्या टोकाकडचे एलेरॉन नाही. हे सुरक्षित उंचीवर इन्स्ट्रक्टरसोबत पुन्हा पुन्हा करायचं असतं. काही इन्स्ट्रक्टर दोनदा दाखवून वहीवर टिक करतात. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा मागा. हे पैसे घालवायलाच हवेत. फायनलच्या वळणावर, कमी उंचीवर झालेला स्टॉल सावरायला जागा नसते. म्हणून त्याची लक्षणं, ढिला झालेला दांडा, वाजणारा हॉर्न, थरथर, हाता-पायांनी ओळखता यायला हवीत.

इंजिन बंद पडण्याचा सरावही तसाच. सेस्ना १७२ इंजिनाशिवाय ६५ ते ६८ नॉटांना सगळ्यात लांब तरंगते, हजार फुटांवरून वारा नसेल तर अडीच-पावणेतीन किलोमीटर. एवढ्यात शेत शोधायचं. विदर्भात उन्हाळ्यात मोकळी काळी जमीन भरपूर, पण बांध आणि विजेच्या तारा बघायच्या. उसाचं उभं शेत वरून हिरव्या गालिच्यासारखं दिसतं, ते उतरायला चांगलं नाही. ही नजर फक्त सरावानं येते.

आडवा वारा घ्या. मार्च ते मे दुपारी आपल्याकडे वारा फिरतो, उष्ण हवेचे झोत उठतात आणि छोटं विमान बैलगाडीसारखं हादरतं. वाऱ्याकडे नाक वळवून यायचं आणि शेवटच्या क्षणी रडरनं सरळ करून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरायचा. सेस्ना १७२ च्या पुस्तकात १५ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा दिलेला असतो. विद्यार्थ्यासाठी शाळा त्याहून बरीच कमी मर्यादा ठेवते, आणि तसंच हवं.

आणि गो-अराउंड. लँडिंग जमत नाहीये असं वाटलं की पूर्ण शक्ती देऊन वर जायचं, पुन्हा फेरी मारायची. किंमत १,८७५ रुपये. वहीत अशा चौदा फेऱ्या आहेत. त्यांतली एकही मला वाया गेलेली वाटत नाही.

ऋतूचा हिशेब

जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या आसपास ढग खाली उतरतात. बाहेर बघून उडणाऱ्या विमानाला दृश्यमानता पाच किलोमीटर हवी, ढगांपासून अंतर हवं. कित्येक दिवस विमान हँगरमध्येच राहतं. मी मे महिन्यात नाव घातलं, आणि माझे पहिले चार महिने भाड्याच्या खोलीत पाऊस बघण्यात गेले. त्यातच एक विमान तपासणीसाठी बंद होतं. खोलीभाडं, मेस, गाडीखर्च मिळून साठ हजारांवर गेले आणि लॉगबुकात नऊ तास होते. शाळेनं प्रवेशाच्या वेळी हे सांगायला हवं होतं, पण मीही विचारलं नाही. शक्य असेल तर पावसाळ्यात पेपर द्या आणि ऑक्टोबरमध्ये फ्लाइंग सुरू करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा शांत असते. फक्त हिवाळ्यात सकाळी धुकं आणि धूसर हवा थोडा वेळ खाते.

उन्हाळ्यात सकाळी सहाची सॉर्टी मागून घ्या. गरम हवा विरळ असते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० फुटांवर आहे, पण तापमान ४३ अंशांवर गेलं की विमानाला साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढणं मंदावतं, आणि विद्यार्थी गोंधळून वेग सोडतो. तीच सॉर्टी पहाटे दुप्पट शिकवते.

शाळेला विचारायचा एकच मोठा प्रश्न

कराडच्या काकांना मी कोटेशनच्या मागे हा हिशेब करून दिला. शाळेत विद्यार्थी साठ. कागदावर विमानं नऊ. पण आज उडू शकणारी किती? समजा पाच. एक विमान दिवसाला तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस उडालं तर पंचाहत्तर तास. पाच विमानं, तीनशे पंचाहत्तर. भागिले साठ विद्यार्थी, म्हणजे महिन्याला प्रत्येकी सव्वासहा तास. दोनशे तासांना बत्तीस महिने. जाहिरातीत अठरा लिहिलेले. वरच्या चौदा महिन्यांचं राहणं-खाणं, महिना पंधरा हजार धरलं तरी दोन लाख दहा हजार. आणि नोकरीला लागायला एक वर्षाहून अधिक उशीर, तो वेगळाच.

म्हणून विचारायचं ते असं: "गेल्या वर्षी तुमच्याकडून सीपीएल घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती महिने लागले?" आणि त्यांतल्या दोघा-तिघांना फोन करा. स्वतः एक सकाळ शाळेच्या ॲप्रनवर, विमानं उभी असतात तिथे, उभे राहा आणि किती विमानं उठतात ते मोजा. डीजीसीएनं २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा. पण सकाळचं स्वतःचं मोजमाप मला जास्त भरवशाचं वाटतं.

पैसे हप्त्यात द्या आणि हप्ता तारखेला नव्हे, तासांना बांधून घ्या. चाळीस तास झाले की दुसरा, ऐंशी झाले की तिसरा. सगळे पैसे आधी भरले तर सवलत देतो म्हणणाऱ्या शाळेला नम्रपणे नाही म्हणा. मधे सोडलं तर न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हे करारात असलं पाहिजे.

एकट्यानं उडवायच्या शंभर तासांचीही योजना करा. कित्येक मुलं हे तास नुसते गोल गोल फिरून भरतात. त्याऐवजी प्रत्येक सॉर्टीला एक काम ठरवा: आज आडवा वारा, आज आखूड धावपट्टीसारखं लँडिंग, आज फक्त नकाशा आणि घड्याळावर नांदेड गाठायचं. शंभर नॉट वेगानं ३०० नॉटिकल मैलांच्या उड्डाणाला तीन तास लागतात, पंचेचाळीस हजार रुपये. आदल्या रात्री वाटेवरच्या नद्या, धरणं, रेल्वेचे फाटे पाठ केले तर तेच तीन तास आयुष्यभर पुरतात. उजनी धरणाचं पाणी वरून कधी चुकत नाही.

घरच्या संगणकावरचं सिम्युलेटर घ्यावं का? रेडिओ, उपकरणं, विमानतळाचे मार्ग यासाठी जरूर. दहा-पंधरा हजारांचा जॉयस्टिक पुरतो. पण पहिल्या वीस तासांत नको. त्यानं नजर पडद्यावरच्या घड्याळांना चिकटते आणि खऱ्या विमानात क्षितिज बघायची सवय लागायला वेळ जातो.

मराठी माध्यमाच्या मुलांना रेडिओची भीती वाटते. ती अनाठायी आहे. कंट्रोल टॉवरशी बोलणं गप्पांचं इंग्रजी नाही, ठरलेल्या शंभर-दीडशे वाक्यांचा साचा आहे. तीनला "ट्री", पाचला "फाइफ", नऊला "नाइनर" म्हणायचं, आणि परवानगी मिळाली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. महिनाभर रोज अर्धा तास मोठ्यानं म्हटलं तर जीभ वळते. रेडिओ येत नसेल तर मात्र विद्यार्थी उत्तर जुळवत बसतो आणि विमान तोवर वळण चुकवून पुढे निघून गेलेलं असतं.

कर्ज, आणि परवान्यानंतरचा खर्च

चाळीस लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचं नुसतं व्याज पस्तीस हजार. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता सुमारे चोपन्न हजार. इतक्या रकमेला बँक घर किंवा जमीन तारण मागते. जुन्या करपद्धतीत राहिलात तर व्याजावरची वजावट बघा, आपल्या सीएला आधीच विचारा.

आणि सीपीएल मिळाला म्हणजे विमान कंपनीत बसलो असं नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ साठी टाइप रेटिंग लागतं, ढोबळ पंधरा ते पंचवीस लाख. शिवाय परवाना ते नोकरी या काळात ताज्या उड्डाणाच्या अटी पाळण्यासाठी काही तास पदरचे पैसे घालून उडावे लागू शकतात. दोन-तीन लाख त्यासाठी बाजूला ठेवा. परदेशात शिकून आलेल्यांनाही इथले पेपर आणि उड्डाण चाचण्या देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो. तो खर्च तिथल्या स्वस्त तासांत मिळवून मग तुलना करावी.

फक्त हौस असेल तर पीपीएल घ्या, आठ ते बारा लाखांत होतं, शनिवार-रविवारी करता येतं. मात्र नंतर दरमहा निदान दोन तास उडायचे पैसे वेगळे ठेवा. हात गंजतो आणि गंजलेला हात आकाशात नको.

काकांनी कागद पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला. मागच्या बाजूला त्यांनी एकाखाली एक लिहून घेतलं होतं: उडणारी विमानं, मागच्या वर्षीचे महिने, विम्याची वजावट, तासांना बांधलेला हप्ता. दुसऱ्याच आठवड्यात मुलीची रंगांची तपासणी कराडातच झाली, ठीक निघाली. क्लास २ पुण्यात झालं. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. मुलगी सध्या घरी हवामानाचं पुस्तक वाचतेय आणि भिंतीवर सेस्नाच्या कॉकपिटचं चित्र लावलंय, असा तिचा परवा फोन होता.